वैयक्तिक कारणास्तव

आमच्या भागात 'वैयक्तिक' हा शब्द दोनच ठिकाणी भेटतो. एक, वैयक्तिक शौचालयाच्या अनुदानात. आणि दुसरं, नोकरी सोडण्याच्या अर्जात. पहिल्यातलं वैयक्तिक कोणाला खटकत नाही. दुसऱ्यातलं मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांचं झालेलं असतं.

नेवाशाच्या बाजूच्या एका खासगी कॉलेजात मी फार्मसी शिकवत होते. राजीनाम्यात मी एवढंच लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव'. त्यावर स्टाफरूमने दिवसभरात निकाल लावून टाकला. एक म्हणाली नवऱ्याशी पटत नसणार. दुसरी म्हणाली पुण्यात फ्लॅट घेतला असेल, कळू देत नाही. तिसरी जवळ येऊन माझ्या पोटाकडे बघत हसली आणि म्हणाली, "आम्हाला कळलंय हं मॅडम. पेढे पाहिजेत."

मला तेव्हा तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती. कारण खरी गोष्ट पेढ्यांच्या नेमकी उलटी होती. पाचव्या महिन्यात, स्टाफरूमला कळायच्या आतच, माझं मूल गेलं होतं. त्यानंतर माझी झोप उडाली. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबायचा आणि पुढचं काही आठवायचं नाही. नवरा मला नगरला एका मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या आणि मी पंधरा दिवस रजेवर राहिले. सासरी सांगितलं टायफॉइड, माहेरी सांगितलं कावीळ. कॉलेजला मात्र खोटं सांगून चालत नाही, तिथे डॉक्टरांचा कागद लागतो, आणि त्यात मूल गेल्याचंही लिहिलेलं होतं. मी तो पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून, आस्थापनेच्या टेबलावर दिला.

आस्थापनेचं टेबल म्हणजे सगळ्या स्टाफच्या रजा, पगार, फाइली जिथे असतात ते. आणि त्या टेबलावर बसायचे माझे सख्खे मामा.

मामांबद्दल आधी सांगायला हवं. ते कॉलेज निघालं तेव्हापासून तिथे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. माझं शिक्षण झालं तेव्हा त्यांनीच संस्थाचालक साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. आमच्याकडे नोकरी अर्जाने लागत नाही, टाकलेल्या शब्दाने लागते. अर्ज नंतर करायचा, फाइल पूर्ण दिसावी म्हणून. आणि ज्याने शब्द टाकला त्याचा तुमच्यावर हक्क राहतो. तुम्ही उशिरा आलात तरी त्याला सांगतात, तुम्ही चांगलं शिकवलंत तरी त्यालाच सांगतात. मी कोणाच्या गाडीवर बसून आले, डब्यात काय होतं, चेहरा का उतरलाय, सगळं मामा विचारायचे. मला कधी कधी त्याचा वीट यायचा.

पण ते पाकीट त्यांनी फोडलं नाही. माझ्या हातून घेतलं, मागेपुढे करून पाहिलं, आणि पिन मारून तसंच्या तसं फाइलला लावून टाकलं. "कावीळ ना? ऊसाचा रस पी," एवढंच म्हणाले. आईने त्यांना तेच सांगितलं होतं. मामा वेडे नाहीत. काविळीचा कागद कोणी डिंकाने बंद करून देत नाही, हे त्यांना कळलं असणारच.

पुढे काही महिन्यांनी मी संगमनेरकडच्या एका कॉलेजात मुलाखत दिली. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, हाच त्या जागेचा मोठा गुण होता. निवड झाली, आणि मी इकडे राजीनामा दिला. नियमाप्रमाणे महिन्याची मुदतही दिली.

साहेबांनी आधी सरळ नाही म्हणून सांगितलं. वर्ष संपल्याशिवाय सोडत नाही, म्हणाले. त्यांच्या हातात माझी नाडी होती. नोकरीला लागताना आम्हा सगळ्यांचीच मूळ प्रमाणपत्रं ऑफिसने ठेवून घेतली होती, 'इथे सुरक्षित राहतात' म्हणून. दहावीपासून पदवीपर्यंतचे माझे सगळे कागद त्यांच्या लोखंडी कपाटात. मला हे सगळं चमत्कारिक वाटत नव्हतं, हेच आता चमत्कारिक वाटतं. सगळ्यांचीच होती, म्हणून माझीही होती.

आणि मग आठवड्याभरात साहेब अचानक विरघळले. राजीनामा मंजूर. "प्रमाणपत्रं तेवढी वर्ष संपल्यावर घेऊन जा," म्हणाले. मला वाटलं, आपल्या ठामपणापुढे माणूस नमला. घरी येऊन मी नवऱ्याला तसं सांगितलंही, जरा छाती फुगवून.

नव्या कॉलेजात झेरॉक्सवर रुजू झाले. प्राचार्य सज्जन होते, वयस्कर. पहिल्याच दिवशी त्यांनी वेळापत्रक पुढे केलं, त्यात माझ्या नावावर एकही प्रॅक्टिकल नव्हतं. फार्मसीच्या माणसाला प्रयोगशाळा न देणं म्हणजे सुगरणीला चुलीपाशी फिरकू न देणं. मी विचारलं, तर ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही ताण घेऊ नका. प्रयोगशाळेत ॲसिडं असतात, दिवे असतात. तुमच्या आधीच्या साहेबांचा फोन आला होता. फार कौतुक करत होते तुमचं. म्हणाले, पोरीची डोक्याची ट्रीटमेंट चालू आहे, सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या. ते असं म्हणाले आणि त्यांनी स्वतः उठून माझ्यासाठी पंखा लावला. कोणी शिवी दिली असती तर मी ती परत दिली असती. ह्या मायेला काय परत द्यायचं, मला सुचेना.

मी तापट आहे. घरातले म्हणतात, हिच्या नाकावर राग नाही, राग आहे म्हणून त्याला नाक चिकटवलंय. त्या आठवड्यातच मी नगरला कोर्टाजवळ एका वकीलबाईंकडे गेले. पाट्यांवर शहराचं नाव आता बदललंय, एस.टी.चा कंडक्टर अजून नगरच ओरडतो. वकीलबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बोटांवर मोजल्यासारखं एकेक सांगितलं. मूळ प्रमाणपत्रं तुमची, ती अडकवून ठेवायचा त्यांना अधिकार नाही. नोकरी का सोडताय हे किती सांगायचं, ते तुमच्या मर्जीवर. रजेसाठी दिलेला डॉक्टरांचा कागद रजेपुरता. तो बाहेर काढायचा तर तुम्हाला विचारायला हवं होतं.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी म्हणत होतं, तुम्हाला विचारायला हवं होतं.

मग त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "तुमची फाइल कोणाच्या ताब्यात असते?"

"ऑफिसच्या," मी म्हणाले.

"ऑफिसात कोणाच्या?"

"ऑफिसच्याच. सगळे हात लावतात."

ह्या उत्तरावर मी नंतर पुष्कळ दिवस घालवले आहेत. ते सगळे हात लावत नव्हते. कपाटाची किल्ली मामांच्या जानव्यालाच बांधल्यासारखी असायची, असं स्टाफ चेष्टेने म्हणायचा; मामांना जानवंच नव्हतं हा भाग वेगळा. मला ते ठाऊक होतं. त्या खुर्चीत बसून मी ते ठाऊक नसल्यासारखं वागले, कारण मला नोटीस पाठवायची होती आणि मध्ये कोणी यायला नको होतं.

नोटीस गेली. कोर्टाबाहेरच्या वकिलाचा कागद आमच्याकडे देवापेक्षा लवकर नवसाला पावतो. प्रमाणपत्रं कुरिअरने घरी आली, एकही कोपरा न दुमडता. आणि वकीलबाईंना उत्तर आलं, की झाल्या प्रकाराबद्दल संस्थेला खेद आहे, साहेबांनी केवळ काळजीपोटी फोन केला, आणि माहिती उघड करणाऱ्या संबंधित कर्मचाऱ्यावर उचित कारवाई करण्यात आली आहे. मी प्रमाणपत्रं प्राचार्यांपुढे ठेवली, सोबत डॉक्टरांचं 'कामाला योग्य' असल्याचं पत्र ठेवलं, आणि प्रॅक्टिकलं मागून घेतली. त्या रविवारी नवऱ्याने मला मिसळ खायला नेलं. मी दोन पाव जास्त खाल्ले. 'संबंधित कर्मचारी' म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर साहेबांचा चोंबडा पीए होता. त्याचं तोंड कसं पडलं असेल, हे मी नवऱ्याला करूनसुद्धा दाखवलं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. मामा दरवर्षीप्रमाणे आईकडून ओवाळून घ्यायला आले होते. पाटावर बसले, ओवाळणी घातली, माझ्याकडे बघून हसले आणि विचारलं काहीच नाही. डबा नाही, चेहरा नाही, गाडी नाही. मला वाटलं, थकले असतील.

स्वयंपाकघरात मामी करंज्या डब्यात भरत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "झालं का तुझं समाधान?"

"कशाचं?"

"मामाला गेटवर बशिवलाय तुझ्या नोटिशीनं. टेबल गेलं. आता पोरांच्या मोटारसायकली मोजतोय."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी ओट्यावर ठेवला. मामी बोलत राहिली, आवाज न चढवता, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. साहेब मला सोडत नव्हते. वर्षभर अडकवायचं त्यांनी ठरवलं होतं. मामा तीनदा त्यांच्या बंगल्यावर गेले आणि तीनदा परत आले. मग ऑफिसात जाऊन त्यांनी ते डिंकाचं पाकीट फोडलं. त्यांना वाटलं होतं आत काहीतरी आजार असेल, तो दाखवू, माणूस आजाराला नाही म्हणत नाही. कागद वाचून ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो घेऊन साहेबांकडे गेले आणि म्हणाले, पोरीला बरं नाही, सोडा तिला.

"म्हनून सोडलं तुला," मामी म्हणाली. "तुला वाटलं काय, तुझ्या अर्जानं सोडलं? ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं."

मी म्हणाले, "मला विचारायचं तरी होतं त्यांनी."

"व्हय. आन तू सांगितलं असतं?"

मी सांगितलं नसतं. मी मामांशी भांडले असते, आणि अजून तिथेच अडकून राहिले असते. हे मला त्या ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं, आणि तरीसुद्धा 'विचारायचं होतं' हे माझं वाक्य मला खोटं वाटेना. आजही वाटत नाही. माझा सगळा छळ इथेच आहे. मी चुकले असते तर पाया पडून मोकळी झाले असते.

मामीचं मागणं एवढंच होतं: "लिहून दे, की तो कागद दाखवायला तूच सांगितलं हुतं. साहेब म्हनले, तिनं तसं लिहून दिलं तर टेबल माघारी देतो. रिटायर व्हायला किती दिवस ऱ्हायलेत त्याचे? गेटवरनं निरोप घ्यायचा का मानसानं?"

बाहेर मामा आईला ऊसतोडीला गाड्या कधी निघाल्या ते सांगत होते. मी हो म्हणाले. मामीने माझ्या डब्यात दोन करंज्या जास्त घातल्या. 

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहून देऊ शकता. पण मग तुमची तक्रारच खोटी होते, आणि ते पत्र त्यांच्याकडे कायमचं राहतं. उद्या तुमच्या आजाराबद्दल ते कोणालाही काहीही बोलले, तर तुमची संमती होती असं म्हणतील. तुमच्या जागी मी असते तर दिलं नसतं." आणि पुढे म्हणाल्या, "पण तुमच्या जागी मी नाहीये." त्या माझ्याकडून फोनची फीही घेत नाहीत, म्हणून त्यांच्यावर रागावताही येत नाही.

मी लिहीन म्हणता म्हणता दिवस ढकलत राहिले. आज पेपर तपासायचे आहेत, आज पाहुणे आहेत, आज डोकं दुखतंय. डोकं दुखतंय हे कारण मला सगळ्यात लाजिरवाणं वाटायचं. मामीचा फोन आला की मी तो वाजू द्यायची. आणि रोज प्रयोगशाळेत मुलींना माप शिकवताना मनात येऊन जायचं, ही प्रयोगशाळा मला मामांच्या खुर्चीच्या बदल्यात मिळालीय.

शेवटी एका शनिवारी मी लिहिलं. चार ओळी. माझ्या वैद्यकीय रजेचा कागद मा. संस्थाचालकांना दाखवावा, असे मीच सांगितले होते, त्यास माझी पूर्ण संमती होती, सबब संबंधित कर्मचाऱ्याचा दोष नाही. खाली सही. नवऱ्याने वाचलं. "मी येऊ?" एवढं विचारलं. मी एकटीच निघाले.

दुपारची वेळ होती. मामा गेटच्या आत पत्र्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. तोच पांढरा शर्ट, तीच दोन पेनं खिशाला. लाल पेनाचं त्यांना आता काय काम, असा विचार माझ्या मनात आला आणि मला तिथेच रडू फुटलं असतं, पण त्यांनी मला पाहिलं आणि ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी खुर्ची मोकळी केली. मी बसले नाही. तेही बसले नाहीत. रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना आम्ही उभे राहिलो.

मी कागद पुढे केला. त्यांनी तो लांब धरून वाचला, चष्मा घरीच होता वाटतं. ऑफिसातल्या सवयीने तारीख बघितली, सही बघितली.

"ह्यात संमती दिली म्हनून लिवलंय," ते म्हणाले.

"हो."

"तू कुठं दिल्ती?"

"मामा, तुम्ही माझ्यासाठीच केलंत. मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी नोटीस..." हे वाक्य मला पुरं करता आलं नाही, कारण 'पाठवली नसती' हे खरं आहे की नाही ते मला माहीत नव्हतं.

"आगं, चूक झालीच माझी," मामा म्हणाले. अगदी साध्या आवाजात म्हणाले, रजेचा हिशेब चुकला असं सांगावं तसं. "पाकीट बंद हुतं. बंद पाकीट फोडायचं तर मानसाला इचारावं लागतं. पर मी तुला कधी काय इचारलंच न्हाई. लहानपनापास्नं. शाळंत घातलं तवा न्हाई, हितं लावलं तवा न्हाई. सवयच न्हवती."

दोन पोरं मोटारसायकलवरून आली. मामांनी त्यांना हाताने थांबवलं, ओळखपत्र बघितलं आणि आत सोडलं. पोरांनी त्यांना नमस्कार केला नाही. पूर्वी ह्याच पोरांना दाखला हवा असला की ती टेबलापुढे हात बांधून उभी राहायची.

मामा परत वळले. कागद अजून त्यांच्याच हातात होता.

"मंग आता इचारतो," ते म्हणाले. "तवा इचारलं न्हवतं म्हनून आता इचारतो. देऊ का हा साहेबाला?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ते घेऊनच मी घरून निघाले होते, सही करून, घडी घालून. पण ते असं समोर उभं राहून विचारतील, हे मी धरलं नव्हतं. मला एकदम त्या कागदाची पुढची वाट दिसली. साहेबांचा ड्रॉवर, पीएचा हात, झेरॉक्स, कोणाच्या तरी मोबाइलमधला फोटो. डोक्याच्या ट्रीटमेंटखाली माझी सही, आणि वर माझ्याच अक्षरात, मीच सांगितलं होतं. माझं गेलेलं मूलसुद्धा त्या कागदाबरोबर हातोहात फिरेल, असं मला वाटलं. मी मामांच्या खिशाकडे बघत राहिले.

फार वेळ नाही लागला. मग मी हो म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, दोनदा म्हणाले.

मामांनी कागदाची घडी घातली. ती माझ्या हातात ठेवून वरून माझी मूठ मिटली.

"आदी न्हाई म्हनलीस," ते म्हणाले. "ते ऐकलं म्या."

आणि मागून आलेल्या कॉलेजच्या बसला वाट द्यायला ते गेट उघडायला गेले.

तो कागद माझ्याकडे आहे. पोस्टात टाकायला मामांची परवानगी लागत नाही. पत्ता मला पाठ आहे, तिकिटं घरात आहेत. मामा अजून गेटवर आहेत.